सोळा गळ्यांची दोरी

पुरुषांच्या गळ्याला हात घालून मी गेली एकोणीस वर्षं पोट भरते आहे. वाचून दचकू नका. बोईसरच्या बाजारात लग्नाच्या कपड्यांचं एक दुकान आहे. तिथं तळमजल्यावर टाय, बो, फेटे, ब्रोच, कफलिंक आणि कोटाच्या खिशात खोचायचे रुमाल यांचं एक काउंटर आहे. ते माझं. सूट आणि शेरवान्या वरच्या मजल्यावर मिळतात. पण माणूस खरा सजतो तो खाली, माझ्याकडे, असं माझं प्रामाणिक मत आहे. वरच्या मजल्यावरच्या लोकांचं मत वेगळं आहे.

मी मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा पाहिली नव्हती. पालघरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले, ते माझ्या हुशारीमुळे कमी आणि दरवर्षी न चुकता माझे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून घेणाऱ्या एका मॅडममुळे जास्त. त्यांचं ऋण मी आजही मानते. मुलाखतीला गेले तेव्हा दुकानाचे मालक किशोरभाई यांनी माझं प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "टाय बांधता येतो?"

"नाही."

"ग्रॅज्युएट आहेस ना बेन? मग सोमवारपर्यंत शिकून ये." असं म्हणून त्यांनी एक जुना लाल टाय माझ्या हातात दिला.

शनिवारची संध्याकाळ मी आमच्या पितळेच्या कळशीच्या गळ्यात टाय बांधण्यात घालवली. पण कळशीला खांदे असले तरी कॉलर नसते. शेवटी बाबा म्हणाला, "माज्या गल्यात बांध. बैलाला कासरा असतो तसाच हाय की हा." रविवारी दिवसभर बाबा बनियनवर लाल टाय घालून ओटीवर बसला होता. मी बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. मधेच तो तसाच उठून बैलाला पाणी पाजायला गेला. बैलानं एकदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकला. बाबा परत येऊन म्हणाला, "त्याला वाटलं, आता त्याच्याऐवजी मलाच जुंपतात."

सोमवारी मी किशोरभाईंच्या गळ्यात टाय बांधला. नोकरी मिळाली.

या धंद्यातलं शहाणपण मुठीत मावेल एवढंच आहे. टायचं टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावं. वर राहिलं तर पोट दिसतं, खाली गेलं तर माणूस लहान दिसतो. खिशातला रुमाल टायच्याच कापडाचा नसावा, त्याच्या नात्यातला असावा. कोटाचं सगळ्यात खालचं बटण लावू नये. का लावू नये ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही, पण मी अतिशय ठामपणे सांगते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कॉलर. बटण लावल्यावर कॉलर आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. दोन बोटं गेली नाहीत तर बाकी सगळी सजावट व्यर्थ. कारण मग नवरदेव फोटोत नवरदेव दिसत नाही, ठसका लागल्यासारखा दिसतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकानं हौसेनं कफलिंक नेले आणि दुसऱ्या दिवशी साध्या शर्टाच्या बाह्यांना कात्रीनं भोकं पाडून आला. म्हणाला, "आता लावा." सरावलीला खोली घेऊन राहणारा, कारखान्यात पाळीवर जाणारा एक मुलगा मुलाखतीसाठी टाय घ्यायला आला. मी बांधून दिल्यावर म्हणाला, "मॅडम, अब मैं इसको खोलूँगा ही नहीं." त्यानं शब्द पाळला. गाठ सैल करून टाय डोक्यावरून काढायचा आणि खिळ्याला टांगायचा. तीन वर्षांनी बढती मिळाल्यावर तोच टाय, तीच गाठ घेऊन आला. "थोड़ा ढीला पड़ गया है, देख लो." मी गाठ पाहिली. अक्षर ओळखावं तशी आपली गाठ ओळखू येते. माझीच होती.

पण मला सांगायचं आहे ते सातपाटीच्या तांडेलांबद्दल.

तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. हे आमचे तांडेल साठीच्या आसपासचे, उन्हानं रापलेले, बोलायला कमी. त्यांच्या दोन होड्या आणि त्यांवर पंधरा खलाशी. धाकट्या मुलाचं, नितेशचं लग्न बोईसरच्या मुलीशी ठरलं होतं. नितेश ऑफिसात कामाला. तो येऊन आपला सूट, टाय, सगळं घेऊन गेला होता. एका दुपारी तांडेल स्वतः आले. सोबत त्यांची बायको, जनाबाय. दुकानात शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, "घालून या, चालतं." ते अनवाणीच आत आले.

"सोला टाय पायजेत," ते म्हणाले. "सोला पांढरे शर्ट. सोला रुमाल, खिशातले. सगले सारके."

"सोळा जण कोण?"

"मी आन माजे पंधरा खलाशी."

कशासाठी, ते जनाबायनं सांगितलं. साखरपुडा मुलीकडच्या हॉलमध्ये झाला. खलाशी त्याच सकाळी बंदराला लागले होते. अंघोळी करून, होते ते चांगले कपडे घालून ते तसेच गेले. मुलीचा मामा कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर. तो दारातच म्हणाला, "हे काय, होडीतून थेट हॉलमध्ये?" आणि चार लोक हसले. मग सगळे सोळा जण पाण्याच्या पिंपापाशी उभे राहिले ते शेवटपर्यंत. एकाही फोटोत ते नव्हते.

"हा पन नाय," जनाबाय नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. "पोराचा बाप. फोटोत नाय."

तांडेल काचेतल्या टायांकडे पाहत होते. "माज्या मानसांना परत कोनी हासाय नको," ते म्हणाले. "तेवडं बग, पोरी."

मी हो म्हटलं. त्या पंधरा खलाशांतले चार आमच्या डोंगराकडचे आहेत, पाऊस संपला की होडीवर कामाला येणारे, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं तेव्हा तर मी दोनदा हो म्हटलं. निळा टाय ठरवला, समुद्रासारखा नाही, शाईसारखा. कोट नको म्हटलं, उकडून मरतील. सातपाटीला वारं असतं म्हणून प्रत्येकाला टाय-पिन. माझी मीच खूश होत गेले.

छाती-बाह्यांचा अंदाज तांडेलांनी हातानं दाखवला, पण आता प्रश्न आला गळ्यांच्या मापांचा. खलाशी समुद्रावर. येणार आणि लगेच परत जाणार, थेट लग्नाच्या आदल्या दिवशी पुन्हा येणार. मी म्हटलं, "मधे येतील तेव्हा मी येते टेप घेऊन." तांडेल खाली पाहू लागले. जनाबाय हसत सुटली.

"अगो बाय, हे वादलाला भीत नाय. पन तू एकेकाच्या गल्याला हात लावाय लागली का होडी सोडून पलतील सगले. मापं आमी पाठवतो."

आठवड्यानं सातपाटीहून मासळी घेऊन येणाऱ्या एका बाईबरोबर मापं आली. कागद नव्हता. एक जाड, हिरवी दोरी होती, तिला सतरा गाठी. दोन गाठींच्या मधे एक गळा, असे सोळा गळे. पहिली गाठ लाल चिंधीची. तिथून पहिला गळा तांडेलांचा. आमच्या दुकानात असं माप याआधी कधी आलं नव्हतं. सगळा स्टाफ गोळा झाला. किशोरभाईंनी दोरीचा फोटो काढला. मी काउंटरवर दोरी ताणून धरली आणि एका गाठीच्या कडेपासून दुसऱ्या गाठीच्या कडेपर्यंत, बी.कॉम.ला शोभेल इतक्या काळजीनं सोळाही गळे मोजले. त्यात दोन बोटांची जागा मिळवली. वहीत लिहिलं.

गळे फार बारीक निघाले. कॉलेजातल्या मुलांसारखे. मी किशोरभाईंना म्हटलं, "जाळी ओढणाऱ्या माणसांचे गळे एवढेच?" ते म्हणाले, "दर्याची हवा खातात बेन, चरबी नाही." मला ते पटलं. ते मला का पटलं, याचा पश्चात्ताप मी अजून करते.

लग्न सातपाटीलाच होतं, तांडेलांच्या घराशेजारी घातलेल्या मांडवात. मुलीकडची बस अकरा वाजता यायची होती. मी नऊला शर्टांची खोकी घेऊन तांडेलांच्या घरी पोचले. पडवीत सोळा पुरुष ओळीनं उभे. अंघोळ केलेले, केसांना तेल लावलेले, परीक्षेला बसल्यासारखे गंभीर. त्यांचे गळे पाहिले आणि मी हातातली खोकी तिथंच खाली ठेवली. ते गळे नव्हते. होडी बांधायचे खुंट होते.

शर्ट अंगात गेले. छातीला बसले, बाह्यांना बसले. मग तांडेलांनी कॉलरचं बटण लावायला घेतलं. ते काजाच्या जवळसुद्धा पोचेना. त्यांनी मान वर केली, श्वास सोडला, पुन्हा ओढलं. मग दुसऱ्यानं ओढून पाहिलं, मग तिसऱ्यानं. पडवीत सोळा माणसं छताकडे बघत उभी होती आणि कुणाचंही बटण लागत नव्हतं.

"दोरी चुकली असेल," मी म्हटलं.

तांडेल म्हणाले, "मोजली कशी?"

मी पिशवीतून दोरी काढली आणि दाखवलं. या गाठीच्या कडेपासून त्या गाठीच्या कडेपर्यंत.

सोळाच्या सोळा जण माझ्याकडे पाहायला लागले. त्यातला एक, रामा, आमच्या शेजारच्या पाड्यावरचा. तो अगदी हळू म्हणाला, "ताई, गाठ धरून मोजायची असते."

जाळ्याचं माप तसंच घेतात. एका गाठीच्या मध्यापासून दुसऱ्या गाठीच्या मध्यापर्यंत, गाठ धरून. त्या किनाऱ्यावर पाच वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. दोरी जाड, गाठ चांगली लिंबाएवढी. प्रत्येक गळ्यातलं एक लिंबू मी सोडून दिलं होतं. सोळा लिंबं. एवढं शिकून.

"वरचं बटण उघडं ठेवू आन वर टाय बांधू," कुणीतरी म्हणालं. मी तेही करून पाहिलं. टायची गाठ खाली घसरून लोंबायला लागली आणि कॉलरचे दोन पंख दोन दिशांना. होडीतून थेट हॉलमध्ये आल्यासारखंच दिसायला लागलं. तांडेलांनी आरशात पाहिलं आणि टाय काढून माझ्या हातात दिला. साडेनऊ वाजून गेले होते.

तेव्हा मी माझ्या केसांचं रबर काढलं. ते काजातून ओवलं, त्याच्याच फासातून आवळलं आणि दुसरा फास बटणाला अडकवला. तांडेलांची कॉलर मिटली. मधे एक बोटभर फट, पण त्यावर टायची गाठ आली की झाकली जाणार. दोन बोटं घालून पाहिली, गेली. पंधरा जणांनी एकदम श्वास सोडला. मग लक्षात आलं, की रबर एकच आहे.

जनाबाय मोकळ्या केसांच्या माझ्याकडे आणि नवऱ्याच्या गळ्याकडे आळीपाळीनं पाहत होती. तिनं जवळ येऊन बटणावरचा फास बोटानं चाचपला. "येवडंच?" ती म्हणाली. मग तिनं अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "गो पोरींनो, सुया आना."

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. लग्नाच्या साड्या नेसून, नाकात नथी घालून सात-आठ बायका पडवीत बसल्या आणि जाळं विणायच्या बांबूच्या सुयांनी बारीक नायलॉनच्या दोऱ्याचे फास करू लागल्या. एकेक फास एकसारखा, अगदी जाळ्याच्या डोळ्यासारखा. हात चालत होते तशी तोंडंही चालत होती. "त्याचा जरा मोटा कर गो, त्याचा गला नाय, कमर हाय ती." "माज्या नवऱ्याचा आवल जरा, आज तरी गप बसंल." पुरुष खाली मान घालून आपापल्या फासाची वाट बघत उभे. आणि ज्या गळ्यांना माझा हात लागायला नको होता, त्या सोळाही गळ्यांना मी एकामागून एक फास लावत सुटले. कुणी पळून गेलं नाही. रबर मला परत मिळालं.

मग टाय. मी तांडेलांना बांधून दाखवला. ते म्हणाले, "सोड. परत कर." दुसऱ्यांदा पाहिल्यावर त्यांनी टाय माझ्या हातातून घेतला आणि स्वतः बांधला. मला रविवारचा अख्खा दिवस आणि एक बाप लागला होता; त्यांना दोन मिनिटं लागली.

"कच्ची गाठ हाय ही," ते म्हणाले. "वडली का सुटंल."

"सुटायलाच हवी तांडेल. संध्याकाळी काढायची असते."

"मंग बांदायची कशाला?" रामानं विचारलं.

मी पुढच्या गळ्याकडे वळले. एकानं मात्र ऐकलं नाही. तो कोपऱ्यात जाऊन टायला होडी बांधायची गाठ मारून आला. गाठ देखणी होती. सोडवायला तिघं लागले.

अकराला पाच मिनिटं असताना सोळा जण रस्त्यावर उभे होते. पांढरे शर्ट, शाईचे निळे टाय, टोकं बरोबर बकलावर, खिशात रुमालाचा त्रिकोण. समुद्राचं वारं सुटलं होतं, पण पिनांमुळे एकही टाय हलत नव्हता. समोरच्या घरातली एक म्हातारी बाहेर आली, बघत राहिली आणि म्हणाली, "बँक आली काय रं?"

बस आली. मुलीचे मामा उतरले. कडक कोट, लाल टाय, चेहराही जवळपास त्याच रंगाचा. त्यांनी ओळीकडे पाहिलं. एकेका टायवरून नजर फिरवली. मग तांडेलांना नमस्कार केला आणि बाजूनं आत गेले. तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा हात आपोआप टायच्या गाठीकडे गेला.

लग्न लागलं. फोटो सुरू झाले. तांडेल आणि पंधरा खलाशी आज पाण्याच्या पिंपापाशी नव्हते. नितेशनं स्वतः सगळ्यांना स्टेजवर बोलावलं होतं. नवरा-नवरी मधे, दोन्हीकडे आठ-आठ. मामाही वर आले आणि कडेला उभे राहिले. मी खाली उभी राहून एकेक कॉलर तपासत होते. सोळाही फास धरून होते. माझी नजर पुढं गेली आणि मामांच्या कॉलरवर थांबली. तिथं एक बोटसुद्धा गेलं नसतं, करंगळीही नाही. धंद्यातल्या माणसाला हे लांबूनही दिसतं.

फोटोवाला म्हणाला, "सगळ्यांनी मोठा श्वास घ्या आणि हसा."

मामांनी मोठा श्वास घेतला.

बटण टप्पकन उडालं, फोटोवाल्याच्या दिव्यावरच्या पांढऱ्या छत्रीवर आपटलं आणि लाकडी स्टेजवर घरंगळत थेट तांडेलांच्या पायाशी येऊन थांबलं. मामांची कॉलर दोन पंखांसारखी उघडली. टायची गाठ छातीवर उतरली.

स्टेजवरच्या पंधरा खलाशांचे गाल फुगले. रामाचे डोळे पाण्यानं भरले होते. एक शब्द जास्त झाला असता तर सगळं फुटलं असतं. साखरपुड्याच्या दिवसाची परतफेड तांडेलांच्या पायाशी येऊन पडली होती.

तांडेलांनी वाकून बटण उचललं. मागं वळून म्हणाले, "हासू नका रं कोनी. गला हाय. वाडतोच."

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. जनाबायनं पदराच्या टोकाची गाठ सोडून एक फास काढला. जास्तीचा एक केला होता तिनं. शर्टाचं दुसरं बटण वर ओढून त्याला तांडेलांनी फास लावला, मामांची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि टाय बांधायला घेतला. मामा शाळेत जाणाऱ्या पोरासारखे मान वर करून उभे होते.

"हे... कुठून सुचलं?" मामांनी छताकडे बघतच विचारलं.

तांडेलांनी मामांची गाठ नीट आवळली, मग आपल्या टायची गाठ जरा बाजूला केली आणि खालचा फास दाखवला. मग मागं मान हलवली. पंधरा जणांनी आपापल्या गाठी बाजूला केल्या. पंधरा फास.

"सगळेच?" मामा म्हणाले.

"सगलेच," तांडेल म्हणाले.

मामांच्या पोटातून आधी नुसता एक आवाज निघाला. मग ते हसायला लागले. ते हसले, तेव्हा तांडेल हसले. आणि मग कुणाला थांबवता येण्याची सोय उरली नाही. नवरी नवऱ्याच्या खांद्यावर पडून हसत होती. रामा खालीच बसला होता. फोटोवाला शहाणा होता. त्यानं कुणाला सरळ उभं राहायला सांगितलं नाही, नुसतं बटण दाबलं.

ती हिरवी दोरी आता माझ्या काउंटरमागं टांगलेली आहे. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी ती दाखवते आणि सांगते, माप कुणी आणि कसं घेतलं ते आधी विचारा, मग टेप काढा. दोरीशेजारी तो फोटो आहे. सूट घ्यायला आलेले लोक वर जाण्याआधी त्याच्यासमोर थांबतात आणि विचारतात, की एवढ्या सगळ्या सजलेल्या माणसांच्या टायच्या गाठी अशा वाकड्या कशा. खरंच आहे ते. सोळाही जणांच्या गाठी बाजूला सरकलेल्या आहेत आणि खालचे फास दिसताहेत. अख्ख्या फोटोत टायची गाठ अगदी जागच्या जागी, काटेकोर आणि सरळ अशी एकट्या मामांची आहे. ती तांडेलांनी बांधलेली.